डाव्या कडेवर

एक्स-रे दाखवायला शिंपीणबाई लहानग्या लेकीचं बोट धरून दवाखान्यात गेल्या, तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. बाईंची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची, पण कमरेचे मणके जोडून घेतल्यापासून तीही थंडावली होती. मणक्यांच्या मधल्या फटीत भरलेलं हाड हाडपेढीतून आणलेलं होतं, कुणा मेलेल्या माणसाचं. ते धरलं तर बाई पुन्हा मशीनवर बसणार, लेकीला उचलून घेणार. नाही धरलं, तर जन्माचं अंथरूण.

डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डावीकडचा स्क्रू सैल झालाय. हाड धरत नाहीये. पोरीला कडेवर घेता ना?"

"छे हो! मला वाकायचीसुद्धा चोरी."

"घेत असणार. तेही डाव्या कडेवर."

बाईंना हसूच आलं. टाचण्या खोचायची गादी दिवसभर त्यांच्या डाव्या मनगटावर असायची. पोरीला टोचू नये म्हणून तिला पहिल्यापासून उजव्या कडेवरच घ्यायची सवय.

घरी येऊन त्यांनी, काम बंद असूनही सवयीनं बांधलेली, गादी काढून ठेवली, पट्टा आवळला आणि आडव्या झाल्या. गोळीनं डोळा लागला. जाग आली ती पाठीतल्या आवाजानं. कट्... हळूच, जवळून. खोलीत औषधी साबणाचा वास होता. तसला साबण त्यांच्या घरात कधीच आला नव्हता.

लेक कापडं बेतायच्या उंच टेबलावर बसली होती.

"इथे कुणी चढवलं तुला?"

"तूच."

"मी तर झोपले होते गं..."

"झोपेतच तर उठतेस. रोज."

बाई धडपडत उठल्या. उद्याच डॉक्टरांचे पाय धरायचे, हे हाड आधी काढा म्हणायचं, असं त्या पुटपुटल्या मात्र, कमरेतून अशी कळ गेली की त्यांना भिंत धरावी लागली.

"नको ना काढू," लेक कुजबुजली. "ती रडते..."

"कोण?"

लेकीनं दोन्ही हात पुढे केले. बाई नको, नको म्हणत होत्या, पण कंबर झुकली आणि डावा हात पोरीखाली गेला. तिला उचलताच दुखणं थांबलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. बाईंनी उजव्या हातानं भिंत घट्ट धरून ठेवली. तेवढा एक हात अजून त्यांचं ऐकत होता.

लेक त्यांच्या खांद्यावरून मागे, पाठीकडे बघत म्हणाली, "आता झोपव."

आणि बाईंची कंबर आपोआप डोलू लागली.