तांदळाच्या डब्यातली डिस्क

हे ऐकून हसणारे पुष्कळ भेटले. पण त्यांच्यातला एकही नेरेइदाच्या घरी जेवायला थांबत नाही.

मीही नाही.

घडलं ते खरं आहे. पुएर्तो प्लाता, कॉफी पिकणाऱ्या बेटावरचं समुद्राकाठचं गाव; तिथे बंदराच्या वरच्या अंगाचा छोटा खाजगी दवाखाना. वादळांच्या मोसमातला मंगळवार. भर दुपार.

नेरेइदा तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. दर शुक्रवारी सगळ्या नोंदींचा बॅकअप एका डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क पर्समधून घरी न्यायची. वादळात दवाखाना पाण्याखाली गेला तरी नोंदी शाबूत. घरी डिस्कची जागा तांदळाच्या डब्यात. समुद्राची दमट हवा तांदूळ शोषून घेतो, असं तिची आई सांगायची.

त्या आठवड्यात तिची धाकटी बहीण योकास्ता तिथेच बाळंतपणाला आली. शनिवारी मुलगी झाली. किती नवस, किती औषधं, तेव्हा कुठे! नाव ठेवायचं राहिलं होतं. बाप न्यूयॉर्कहून येणार आणि तोच नाव ठेवणार, असं ठरलेलं.

रविवारी रखवालदार एलिहिओकाका वारले. सोमवारी माती दिली. नेरेइदानेही मूठभर टाकली.

मंगळवारी वीज गेली. तिथे ती रोजच जाते. पण परत आली ती अशा झटक्याने, की मुख्य कॉम्प्युटरची डिस्कच जळाली.

नेरेइदा घरी पळाली, शुक्रवारची डिस्क घेऊन आली. जोडली. नोंदी परत चढवल्या. पडदा उजळला तशी तिने हुश्श केलं.

तेवढ्यात...

फाटकावरचं हजेरीचं यंत्र वाजलं.

पडद्यावर नाव आलं. एलिहिओ.

फाटकापाशी कुणीच नव्हतं. पण रखवालदाराची वेताची खुर्ची करकरली... कुणीतरी टेकल्यासारखी. बाजूला कपात कॉफी होती.

गरम.

"ही कुणाची गं?" तिने काउंटरवरच्या मिरेल्याला विचारलं.

मिरेल्याने मानही वर केली नाही. "एलिहिओकाकांची. दुसऱ्या कुणाला लागते एवढी गोड?"

"अगं, काल माती दिली ना त्यांना."

"तुझ्या तोंडाला काही धरबंध? आत्ता इथून गेले ते."

नेरेइदाने मनात वार मोजले. शुक्रवारी काका जिवंत होते. डिस्क शुक्रवारची.

मग शुक्रवारनंतर जे आलं, त्याचं काय?

ती जिना चढत धावली. सकाळी रडून मजला डोक्यावर घेणारं बाळ...

चिडीचूप.

योकास्ता खाटेवर बसली होती. पाळणा नव्हता.

"बाळ कुठाय?"

"अजून कुठे, ताई? दिवस भरले नाहीत म्हणाले डॉक्टर." योकास्ताने पोटावरून हात फिरवला. पोट सपाट होतं. "तुलाच माझ्यापेक्षा घाई." मग झग्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "हे मात्र सारखं ओलं होतंय. का गं?"

दुधाचा वास येत होता.

नेरेइदा खाली धावली. बाळाची नोंद पुन्हा केली. डोळ्यांदेखत पुसली गेली. पुन्हा केली. पुन्हा पुसली गेली. तिने डॉक्टरांना, नर्सला, सगळ्यांना विचारून पाहिलं. सगळे तिच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

जळालेली डिस्क घेऊन ती राजधानीत गेली. त्या चार दिवसांचं जे काही होतं, ते त्या डिस्कमध्येच होतं. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. "बाई, यातलं आता काही निघायचं नाही."

तिला ती टाकवेना. घरी आणून तांदळात ठेवली.

आता दुपारी वीज गेली, पंखे थांबले, की डब्यातून आवाज येतो...

बारीक. दमलेला. तान्ह्या बाळाचा.

झाकण उघडलं की थांबतो. म्हणून नेरेइदा उघडत नाही. डबा मांडीवर घेते आणि हलवत बसते. हाक मारावी तर नावच नाही. तिला रडू कोसळतं.

योकास्ताला काही ऐकू येत नाही. इतकी वर्षं झाली, ती शेजारी येऊन बसते, सपाट पोटावरून हात फिरवते आणि विचारते, "ताई, आता लवकरच ना?"

आणि डब्यातला आवाज वाढला, की तिचा झगा पुढून भिजायला लागतो...