समुद्र पूर्वेला गेला तेव्हा

ते १९८९ साल. नाशिकच्या एका खासगी कचेरीत मी ट्रेसर होते. इराणहून पाकिस्तानमार्गे आपल्याकडे नैसर्गिक वायूची नळी आणायची, अशी तेव्हा नुसती कल्पना होती. तिचे कच्चे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे माझं काम.

नकाशे तपासायला नामपूरचे भिमाजी नवेच आले होते. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी थबकले.

"यशोधराबाई, अरबी समुद्र पूर्वेला गेलाय."

खालचा मूळ कागद मी पालथा लावला होता. कच्च्या नकाशात अक्षरं नसतात, ती शेवटी घालतात, म्हणून कळलंच नाही.

"वायू आपल्याकडून इराणला चाललाय," ते म्हणाले. "आपल्याकडे पाठवण्यासारखं काय आहे एवढं?"

"कांदे. तुमच्या नामपूरचे."

ते हसले... डावी भुवई वर नेऊन.

मग रोज माझ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीचे गोल उमटू लागले. कधी गोलात नुसतं वाळवंट असे.

"इथं काय चुकलं?"

"चूक नई शे..." गडबडले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. "पण — बघून घ्या एकदा."

मी बघत होते. कागद सोडून.

दिवाळीनंतर हुकूम आला. शनिवारी रात्रीच्या गाडीने भिमाजींनी नकाशे घेऊन दिल्लीला जायचं, तिथून दोन वर्षं सीमेकडे मोजणीला. इकडे रविवारी मला पाहायला इगतपुरीचा रेल्वेतला मुलगा येणार होता. आणि भिमाजी गोलांपलीकडे काही बोलेनात.

शनिवारी सकाळी मी शेवटचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला.

"समुद्र परत पूर्वेला? तेव्हा चुकून झालं होतं..."

"आता मुद्दाम. नवा काढायला सोमवार उजाडेल. उद्या दहाला मला पाहायला येताहेत. तुम्ही तपासणारे — त्या स्थळात काही चूक दिसते का, बघा."

नकाशाच्या कोपऱ्यात रेखाटणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव शेजारी शेजारी लिहितात. भिमाजींनी पेन्सिल उचलली आणि त्या दोन्ही नावांभोवती एकच गोल काढला.

"आईला घेऊन किती वाजता येऊ?"

"नवाच्या आत."

ते साडेआठलाच आले, कांद्याचं पोतं घेऊन.

आमचं लग्न ठरलं, मगच ते दिल्लीला गेले. सहा महिन्यांत आमच्या कचेरीतलं ते काम थांबलं आणि भिमाजी परतले, पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागले. इगतपुरीच्या मुलाने माझ्या मामेबहिणीशी, लताशी लग्न केलं. दोघं मजेत आहेत. माझी आई मालनबाई शेवटपर्यंत त्या पोत्याची आठवण काढून हसायची. नळी मात्र अजून आलेली नाही.

आज सकाळी मी बाजाराची यादी करून ठेवली होती. भिमाजींच्या हातून ती परत आली, तेव्हा तळाशी तांबडा गोल होता. आत काहीच नव्हतं.