एकशेवीस बाइटांचा निरोप

वेबसाइट बांधायच्या त्या फ्रेमवर्कची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या शहाण्यांनो, चूक तुमची आहे. एका पानावर तुम्ही म्हणता, फॉर्ममधून येते ती स्ट्रिंग, म्हणजे माणसानं वाचायची अक्षरं. पुढच्याच पानावर निघतात बाइट, म्हणजे यंत्राचे कच्चे आकडे. इंग्रजीचं काही अडत नाही, तिचं अक्षर एका बाइटात मावतं. आमच्या 'क'ला तीन लागतात, वेलांटी दिली की आणखी तीन. हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही. तुमच्या त्या आळसापायी कुपवाडच्या कीर्तीचं काय झालं, ते ऐका.

कीर्ती मगदूम हळद पॉलिश करायचे ड्रम बनवणाऱ्या कारखान्यात ऑफिस सांभाळायची. व्हिडिओ बघून बघून कारखान्याची वेबसाइटही तीच उभी करत होती. एका शनिवारी ती फॉर्ममध्ये मराठी टाकल्यावर स्क्रीनवर आलेल्या आकड्यांच्या ढिगाकडं वैतागून बघत बसली होती... आणि मागून आवाज आला.

"ह्यो किडा आमच्या जतलाबी आलाय, मॅडम."

शेजारच्या वर्कशॉपला टँकरचा व्हॉल्व्ह घ्यायला आलेला, उन्हानं रापलेला, उंच बिराप्पा दारातून डोकावत होता. पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवायचं पान त्यानं मोबाइलवर शिकून बांधलं होतं.

"बायका वाडीचं नाव टाकत्यात, ड्रायव्हरला आकडं दिसत्यात. परवा टँकर भलतीकडंच मोकळा झाला."

"मग काय केलंत?"

"शिव्या खाल्ल्या. मराठीतनं बी, कन्नडमधनं बी."

ती हसली. पुढच्या शनिवारी तो परत आला. त्याच्या पुढच्याही.

"तुमचा व्हॉल्व्ह दर शनिवारी बिघडतो?"

"लय खारं पाणी हाय आमच्याकडं," तो स्क्रीनकडंच बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

दोघं मिळून तिच्या फॉर्मचा एकेक रकाना दुरुस्त करत गेले. राहिला फक्त निरोपाचा. तपासायला म्हणून तो त्यात काहीबाही टाकायचा. ती आकडे उलगडायची, तेव्हा कुठं कळायचं — 'चहा गार झाला', 'पिवळी ओढणी बरी दिसती'. शनिवार संपला की कीर्तीला रविवार उगाच लांब वाटायचा.

मग एका शनिवारी तो खाली बघत म्हणाला, "बंगळूरला नोकरी लागली."

"...चांगलं झालं की."

"निरोपात शेवटचा नमुना टाकलाय. उलगडून बघा तेवढा."

"सोमवारी बघते," ती म्हणाली. आवाज नीट ठेवायलाच तिला केवढे कष्ट पडले.

सोमवारी मालकानं तिला साताऱ्याच्या प्रदर्शनात स्टॉलवर उभं केलं. परत आली ती गुरुवारी. आल्या आल्या तिनं आकडे उलगडले —

'कीर्ती, मंगळवारी निघालोय. तू थांब म्हणालीस तर '

बस. पुढं काही नाही.

पुस्तिकेत वाचून तिनंच त्या रकान्याला एकशेवीसची मर्यादा घातली होती. तिला वाटलं एकशेवीस अक्षरं. निघाले एकशेवीस बाइट. उरलेलं वाक्य कापलं गेलं, ते कुठं साठवलंही नव्हतं.

ती त्या 'तू'कडं बघत राहिली. समोर असताना त्यानं कधी तू म्हटलं नव्हतं... मंगळवारी सांगली स्टँडवर तो फोन हातात धरून उभा असेल. आणि ती साताऱ्यात लोकांना ड्रम फिरवून दाखवत होती. तिनं वाचलं आणि गप्प बसली, असंच त्यानं धरलं असणार.

तिनं फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"बोला, मॅडम."

ते 'मॅडम' तिला लागलं.

"तुझा निरोप अर्धाच आला. तोही मी आत्ता वाचला. 'तर'च्या पुढचं कापलं गेलंय."

पलीकडं बंगळूरच्या बसचे हॉर्न वाजत होते.

"ऱ्हाऊ दे आता," तो हळूच म्हणाला. "गेली ती येळ."

"राहू देणार नाही. पुस्तिकावाल्यांना मी दोनदा लिहून विचारलंय, ते ढिम्म हलत नाहीत. तू तरी तसं करू नकोस. मी थांब म्हणते. मंगळवार गेला तरी म्हणते. आता तू सांग, बिराप्पा... तर काय?"