नारिंगी रंगाची हिरवी खुर्ची

"जरा ऐकता का... ही खुर्ची कुठल्या रंगाची आहे?"

जुन्या सामानाच्या बाजारात मी तेव्हा एका मोडक्या कपाटात कंबरेपर्यंत शिरले होते. फळ्यांना वाळवी लागलीय का ते बघत होते. त्यामुळे प्रश्न आधी ऐकू आला आणि माणूस नंतर दिसला. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव. आणि त्याच्यासमोर ती खुर्ची – नारिंगी. इतकी नारिंगी, की बाकीचा सगळा बाजार तिच्यापुढे धुतल्यासारखा वाटत होता.

मी केसांतली जळमटं काढत त्याच्याकडे पाहिलं. मुलीशी ओळख काढायचे बरेच प्रकार मी पाहिले होते. हा नवा होता.

"हिरवी," मी म्हणाले. "पोपटासारखी हिरवीगार! का हो, डोळे घरी विसरून आलात?"

तो हसला... पण जरा उशिरा हसला. मग दुकानवाल्या काकांकडे वळून म्हणाला, "ही द्या."

तुम्हाला आत्ताच काय ते कळलं असेल. मला कळायला एकोणीस दिवस लागले. आणि मी स्वतःला रंगांची जाणकार म्हणवते!

काकांना गप्प बसवेना. "अहो साहेब, रंगाचं यांनाच विचारा. घरं सजवतात या. माझ्याकडचं निम्मं भंगार याच उचलून नेतात आणि लोकांच्या दिवाणखान्यात मांडतात."

"खरंच?" त्याने विचारलं. "मग माझं घर कराल? सगळं पांढरं आहे. माझी ताई म्हणते, दवाखान्यातून निघतोस आणि पुन्हा दवाखान्यातच जातोस."

"डॉक्टर आहात?"

"कानांचं बघतो. कमी ऐकू येणाऱ्यांना तपासतो, यंत्र बसवून देतो."

त्या क्षणापासून मनात मी त्याचं नाव 'कानवाले' ठेवलं, आणि काम घेतलं. घेतलं म्हणजे काय, झडप घातली. महिन्यापूर्वीच मी एका मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडली होती. तिथे दोन वर्षं मी येईल त्या घराला बिस्किटी रंग देत होते. भिंती बिस्किटी, पडदे बिस्किटी, सोफा जरा भिजलेल्या बिस्किटाचा. शेवटी साहेबांना तोंडावर सांगितलं, की एक घर माझ्या मनासारखं करून दाखवीन, मग बोला. साहेब म्हणाले, "दाखव." दाखवायला घर तेवढं नव्हतं.

आता होतं. तिसरा मजला, दोन खोल्या, पश्चिमेला मोठी खिडकी, आणि पांढऱ्याफेक हॉलच्या मधोमध ती खुर्ची.

"आणलीत की खरंच!" मला हसू आवरेना.

"तुम्हीच म्हणालात, हिरवी आहे. ताईने हिरवीच आण म्हणून सांगितलं होतं."

चेहरा इतका सरळ, की मी पोट धरून हसले. काय अभिनय करतो हा माणूस! "हो हो, हिरवीच!" मी म्हणाले. पुढचे सगळे दिवस 'हिरवी खुर्ची' हा आमचा दोघांचा विनोद आहे, असं मी धरून चालले. खुर्चीवर माझी पिशवी, खुर्चीवर त्याचा चहाचा कप... आणि हळूहळू मी माप घ्यायचं नसतानाही त्या घरी जायला लागले.

रंगांची कार्डं दाखवताना तो एक गंमत करायचा. कार्ड हातात घ्यायचा, पण बघायचा माझ्याकडे. "आधी सांगा ना, कसा आहे हा?"

"हा डाळिंबी. डाळिंब सोलल्यावर बोटांना लागून राहतो ना, तो. आणि हा हिरवा – जुन्या विहिरीत वाकून बघितल्यावर खाली दिसतो तो. गार."

"अप्रतिम," तो म्हणायचा. प्रत्येक कार्डाला अप्रतिम! असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. त्याच्या कपाटातल्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आणि पॅन्टच्या पट्ट्याला आतून नंबर शिवलेला दिसला, तेव्हाही वाटलं, किती हा नीटनेटकेपणा.

एकदा सही घ्यायला त्याच्या दवाखान्यात गेले. तिथे गादीसारख्या भिंतींची एक छोटीशी खोली होती, आवाज आत न येणारी. त्याने मला आत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे जाऊन बसला. "आवाज आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी."

टूं... बोट वर. टीं... बोट वर. आवाज बारीक होत होत मुंगीएवढा झाला. मग नुसती शांतता. काचेपलीकडे तो मान खाली घालून काहीतरी लिहीत होता. कपाळावर एक बट आली होती. माझं बोट आपोआप वर गेलं.

तो दार उघडून आत आला तेव्हा ओठ दाबून हसत होता. "कान उत्तम आहेत. फक्त शेवटचा आवाज मी दिलाच नव्हता."

"मग मी काय ऐकलं?"

"ते आमच्या यंत्रात येत नाही," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. मी सही न घेताच घरी आले.

एकोणिसाव्या दिवशी हॉलची मोठी भिंत पूर्ण झाली. विहिरीचा हिरवा, आणि त्यावर, आतल्या खोलीच्या दाराभोवती, जमिनीपासून छतापर्यंत डाळिंबी रंगाची भलीमोठी कमान. पेंटरदादांनी आणि मी दोन दिवस दोऱ्या लावून ती आखली होती. बघायला वरच्या-खालच्या मजल्यावरचे शेजारी येऊन गेले. घरांच्या एका मासिकाचा फोटोग्राफर रविवारी यायचा होता. तो अंक साहेबांच्या टेबलावर जाणार होता, हेही मी ठरवून टाकलं होतं. आज बुधवार.

संध्याकाळी तो आला. मी त्याला डोळे मिटायला लावले, हाताला धरून भिंतीसमोर उभं केलं. माझा हात त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. "उघडा!"

तो बघत राहिला. मग म्हणाला, "फार सुंदर. गार वाटतंय, तुम्ही म्हणाला होता तसं. आणि... कमान कधी रंगवणार?"

पेंटरदादांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. कमान होती तिथेच होती, डाळिंबासारखी लालबुंद.

"रंगवली आहे," मी म्हणाले. "तुमच्या समोर आहे."

त्याचा चेहरा उतरला. दादा शहाणे, ब्रश धुवायचं निमित्त करून आत निघून गेले.

"मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला. "लहानपणापासून. दोन्ही मातकटच दिसतात. शर्टांचे नंबर ताई शिवून देते."

"आणि एकोणीस दिवस तुम्ही मला अप्रतिम म्हणत राहिलात? प्रत्येक कार्डाला?" माझा आवाज चढला. "मी काय भिंतींशी बोलत होते का?"

"तुम्ही सांगत होता तेव्हा अप्रतिमच वाटायचं. तेवढ्यापुरता दिसायचा मला तो रंग." तो थांबला. "लोकांना कळलं ना, की सुरू होतं – हा कुठला, तो कुठला सांग बघू... सर्कस होते माझी. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही म्हणालात, डोळे घरी विसरलात का."

माझा राग जागच्या जागी विरला. कारण मला खुर्ची आठवली.

"ती खुर्ची..." मी म्हणाले. "ती हिरवी नाही."

"म्हणजे?"

"नारिंगी आहे. भडक नारिंगी. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय, म्हणून मी... मला वाटलं आपला विनोद चाललाय."

तो खुर्चीकडे बघत राहिला. "ताईला मी फोनवर सांगितलं, मी स्वतः हिरवी खुर्ची शोधून आणली. ती किती खूश झाली होती."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. "चुकलं माझं," मी म्हणाले. "फार चुकलं."

"जाऊ द्या हो." त्याने हसायचा प्रयत्न केला. "भिंत राहू द्या. सगळ्यांना आवडतेय. तुमचे फोटो छान येतील. मला काय, मी घरी झोपायलाच येतो."

हेच ऐकून माझं डोकं फिरलं. झोपायलाच येतो! पांढरं असताना झोपायलाच येत होता आणि आताही झोपायलाच येणार. मग मी एकोणीस दिवस केलं काय? बिस्किटी रंगच दिला की, फक्त महागडा!

"उद्या सुट्टी घ्या," मी म्हणाले. "आणि दादा, बाहेर या. भिंत पुन्हा करायची आहे."

दादा हातातल्या ब्रशसकट बाहेर आले. "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे ना? रविवारी फोटो आहेत!"

"फोटोतले लोक इथे राहणार नाहीत, दादा. हे राहणार आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमिनीवर दोनशे कार्डं पसरली आणि त्याला त्या खुर्चीत बसवलं. "मी दोन-दोन कार्डं शेजारी धरीन. फरक दिसला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी. 'अप्रतिम' म्हणायला बंदी."

तो हसला आणि ताठ बसला. लाल-हिरवा... बोट खाली. तपकिरी-शेवाळी... खाली. निळा आणि राखाडी – बोट वर! मग मी गडद निळ्याशेजारी हळदीसारखा पिवळा धरला, धरला म्हणजे धरायच्या आतच त्याचं बोट वर गेलं. मी ते पिवळं कार्ड त्याच्या हातात दिलं.

"कसा आहे?" मी विचारलं. "या वेळी तुम्ही सांगा."

त्याने कार्ड उजेडाकडे धरलं. "आवाज न येणाऱ्या त्या खोलीत खूप वेळ बसल्यावर दार उघडतो ना... बाहेरचं सगळं एकदम आत येतं. माणसं, गाड्या, कुणीतरी हाक मारतंय. तसा."

हिरव्याबद्दल मी इतकं बोलले होते, पण असं एक वाक्य मला सुचलं नव्हतं.

दुपारी मी त्याला बाजारात नेलं आणि काकांना ताकीद दिली, मध्ये बोलायचं नाही. तो रांगांमधून फिरला. लोखंडी खाटा, आरसे, शिवणयंत्रं... आणि एका जागी थबकला. बंद पडलेल्या कुठल्याशा थिएटरातल्या तीन जोडखुर्च्या होत्या, निळ्या मखमलीच्या, एका कोपऱ्यात उसवलेल्या.

"या," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "निळ्या आहेत. बरोबर?"

"बरोबर."

"मी विचारत नव्हतो," तो म्हणाला. "सांगत होतो." आणि असा काही रुबाबात चालायला लागला, की काका तोंडावर हात ठेवून हसले.

फोटोग्राफरला मी फोन करून दोन आठवडे मागितले. तो म्हणाला, मासिकाच्या पानांचं गणित ठरलेलं असतं, आता पुढच्या वर्षी बघू. नंतर कळलं, त्या पानांवर माझ्या जुन्या साहेबांनी केलेलं एक घर छापून आलं. बिस्किटी! वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या हिरव्या भिंतीवर पहिला निळा हात मारताना तर मी रडले. दादांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

दहा दिवसांनी, रविवारी दुपारी काम संपलं. खिडकीसमोरची भिंत हळदी पिवळी, बाकी गडद निळं, आणि कमान पुन्हा त्याच जागी, निळ्यावर पिवळी. तिच्याशेजारी मखमलीच्या तीन खुर्च्या, उसवलेला कोपरा पिवळ्या धाग्याने शिवलेला. दादा सामान आवरून गेले. या वेळी मी त्याला डोळे मिटायला सांगितलं नाही. तो दारातच थांबला.

मग सरळ चालत गेला आणि कमानीच्या कडेवरून हात फिरवायला लागला. खालून वर, टाच उंचावून, पोहोचेल तिथपर्यंत. एकदाही चुकला नाही.

"ही इथे संपते," तो म्हणाला. "मला दिसतंय, कुठे संपते ते."

मी नारिंगी खुर्चीच्या मागे उभी होते. घरात आता ती एकटीच विजोड होती. "हिला काय करायचं? निळी रंगवते."

"हात लावायचा नाही तिला. हिरवी आहे ती," तो मागे न वळता म्हणाला. "ताईला पटवायचं काम तुमचं."

"ताईला मी काय सांगणार? मी कोण?"

तो पाठमोराच होता. भिंतीकडे तोंड, हात अजून कमानीवर. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची गडबड वर येत होती. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. बिस्किटी साहेबांसमोर तोंड उघडणारी मी... इथे मात्र खुर्चीच्या आड उभी होते. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि अगदी हळू, मलासुद्धा धड ऐकू येणार नाही इतकं हळू म्हणाले,

"तू मला फार आवडतोस."

तो तसाच उभा होता. कमानीवरचा हात खाली आला. मग दुसरा हात हळूच वर गेला आणि त्याचं एक बोट... वर.