डब्याच्या तळाशी

पहिल्याच भेटीत अमृतने सोनियाला दारातून परत पाठवलं.

"झाकन नीट लागलं न्हाई, सिस्टर. आत येऊ नका."

"आवं, बारा किलोमीटर गाडी चालवून आलेय मी!"

"म्हंजे सुया बी बारा किलोमीटर उघड्याच आल्या म्हना की!"

सोनिया जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रातली आरोग्यसेविका. लसीकरणाच्या सुया पांढऱ्या डबीत, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि दोन्ही एका झाकणाच्या डब्यात… असा मूठभर कचरा तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचा असतो. नेणारी मदतनीस तापाने फणफणली, म्हणून त्या दिवशी ती स्वतः निघाली होती. तिथे डबा उतरवून घेणाऱ्या अमृतच्या तोंडावर मास्क; दिसत होते फक्त मिश्कील डोळे. पण घोटाळा व्हायला तेवढे पुरले.

मदतनीस बरी झाली तरी सोनियाच जाऊ लागली. कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हा नियम तिला एकाएकी फारच पटला होता.

"आज एवढुसाच?" तो विचारायचा.

"गावात कुनी आजारीच पडंना. काय करू?"

"नगं पडू देत. तुमी रिकामा डबा आनला तरी… उतरवून घेईन की मी."

ती कचराखोलीच्या दारातल्या लाल रेघेबाहेर थांबायची. तो डबा आत न्यायचा, धुऊन आणून द्यायचा. देताना बोटं कधी लागली नाहीत. दोघंही तेवढे शहाणे होते. किंवा तेवढे वेडे.

मग घरात स्थळाचा विषय निघाला. मुलगा जयराज, मूळचा विट्याचा, कोईमतूरला सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. सोनियाचे वडील आप्पासो शब्दाचे पक्के. त्याआधी अमृतची माणसं आली तर ऐकून तरी घेतील. एकदा सुपारी फुटली की संपलं.

दवाखान्यात भोवती माणसं, घरी तिचा फोन सदा भावाच्या हातात. सांगायचं कसं? गुरुवारी तिने निळ्या शाईने चिठ्ठी लिहिली. 'तुम्ही मला आवडता. रविवारी माझी सुपारी फुटणार. शनिवारपर्यंत घरची माणसं घेऊन या.' घडी करून डब्याच्या तळाशी ठेवली, वर पिशवी. पिशवी उचलली की दिसणारच!

तो डबा घेऊन बाहेर आला तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना.

"नीट जावा, सिस्टर," तो नेहमीसारखंच म्हणाला. लोकांसमोर सावरून घेतोय, असं तिने स्वतःला समजावलं.

शनिवारी तिने अंगण तीनदा झाडलं. रस्त्याने पाण्याचा टँकर आला, मेंढरं गेली. माणसं आली नाहीत. रविवारी सुपारी फुटली. पोरगी लाजतेय, म्हणून बायका हसल्या. इकडे तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

सोमवारी तिने डबा त्याच्यापुढे आदळला.

"एकदा 'न्हाई' तरी म्हनायचं हुतं!"

"कशाला?"

"माज्या चिठ्ठीला. गुरुवारी तळाला ठेवली हुती."

त्याने डब्याचं झाकण काढून आत बघितलं.

"झाकन काढलं की मी आधी ब्लीचिंगचं पानी ओततो… मग पिशवी उचलतो," तो अडखळत म्हणाला. "कागद हुता. पन कोरा हुता हो! मला वाटलं, लेबल गळालंय. चिमट्यानं उचलून टाकून दिला… काय लिवलं हुतं?"

तिने सांगितलं. ब्लीचिंगच्या पाण्याने पुसलेला एकेक शब्द, हळू आवाजात.

"आईला कवाच सांगून ठेवलंय मी, सिस्टरना मागनी घालू म्हनून," तो म्हणाला. "मलाच धीर होईना. कचरा उचलनाऱ्याला पोरगी कोन देतंय… थांबा, आत्ता येतो! आईला घेऊन आत्ता येतो!"

"सुपारी फुटली, अमृत."

तो उघड्या डब्याकडे बघत राहिला. मग डोळ्यांवर कोपर धरून रडला, हातात मोजे होते म्हणून.

"बुधवारपासनं मदतनीस ईल," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने गाडी बाभळीखाली थांबवली आणि पोटभर रडून घेतलं. तो नाही म्हणाला असता तर त्याच्यावर चिडून का होईना, तिने कोईमतूरचा संसार रेटला असता. आता चिडायलाही कुणी उरलं नव्हतं.