रक्तातली तारीख

माणदेशातल्या त्या उपजिल्हा रुग्णालयात सकाळच्या फेरीआधी परिचारिका प्रत्येक नव्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेई आणि डबीएवढ्या यंत्रात सोडी. यंत्राचं नाव संसर्गकालमापक. रोगाशी लढणारी रक्तातली प्रतिपिंडं जसजशी जुनी होतात, तसतशी बदलतात. ते बदल वाचून कोणता जंतू अंगात केव्हा शिरला, हे यंत्र सांगे.

मालन हुबाले आठ महिने आजारी होती. दुपार कलली की ताप चढायचा, पहाटे घामानं अंथरूण भिजायचं. कंबर इतकी धरलेली, की उठताना नवऱ्याचा आधार लागे. मध्येच पंधरा दिवस ताप नाहीसा होई आणि पुन्हा येई. आधी टायफॉइडची औषधं झाली, मग क्षयाची.

यंत्रानं नाव दाखवलं ब्रुसेला, शेळ्या-गुरांकडून माणसाला लागणारा आणि वर्षानुवर्षं अंगात दबून राहू शकणारा जंतू, आणि काळ तीन वर्षांपूर्वीचा मार्च.

त्या मार्चमध्ये शेळ्यांना काही झालं होतं का, असं डॉ. तमन्ना अत्तार यांनी विचारलं. मालनचा नवरा आगतराव आठवून म्हणाला, की चार शेळ्या गाभडल्या होत्या आणि मेलेली करडं मालननंच हातानं ओढून काढली होती. त्याच वर्षी मे महिन्यात, गरोदरपणाचा पाचवा महिना सरता सरता, मालनच्या पोटातलं मूल गेलं होतं. तिच्या पायगुणानंच सगळं झालं, असं घरात ठरलं, आणि आगतरावनं ते ऐकून घेतलं होतं.

"ते बी ह्याच्यामुळंच?" तिनं विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "पण हा जंतू तसं करू शकतो. दोष तुमचा नव्हता."

आगतरावनं मान खाली घातली.

दीड महिना गोळ्या, सोबत इंजेक्शनं, दूध उकळूनच प्यायचं, डॉक्टर समजावत होत्या. मालननं मध्येच नवऱ्याकडं फोन मागितला. ती इथं आल्यापासून शेळ्यांचं सगळं तिची धाकटी जाऊ सारिका बघत होती, आणि सारिकाला चौथा महिना होता. पायगुणाची गोष्ट पहिल्यांदा बोलली होती ती सारिकाच.

आजपासून गोठ्यात पाऊल टाकू नको, असं मालननं तिला सांगितलं. का, तेही सांगितलं, आवाज जराही न चढवता.

"आक्का," सारिका म्हणाली, "काल दोन शेळ्या गाभडल्या. करडं मीच काढली. आत्ता निघाले, तर वेळेत पोचंन का मी?"