तळच्या वाळूचं ऊन

अंत्यप्रकाश प्रयोगशाळेत भरदुपारीही अंधार असे. एका मंद नारिंगी दिव्याखेरीज तिथं काही पेटवायची मुभा नव्हती. त्या उजेडात समोरच्याचा चेहरा नीट वाचता येत नाही, आणि डॉ. शर्वाणी पानसे यांना आज नेमका एक चेहरा वाचायचा होता.

"तिसरी नळी बाद आहे, हाके," त्या म्हणाल्या. "निम्म्या कणांचं वय शून्य येतंय. यांनी याच उन्हाळ्यात सूर्य पाहिलाय."

डॉ. बिरदेव हाके पलीकडच्या बाकावर बसले होते. थरच्या वाळवंटातल्या एका आटलेल्या सरोवरात खड्डा घेऊन वाळूच्या त्या तीन नळ्या त्यांनीच भरून पुण्याला आणल्या होत्या.

इथली विद्या तशी साधी. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला की भोवतालच्या किरणोत्सर्गानं त्यात ऊर्जा साठत जाते. ऊन लागलं की ती सगळी सांडते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेव्हा साठलेली ऊर्जा मोजली, की कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. अट एकच: नळी भरताना उजेडाची तिरीपही लागता कामा नये. त्यासाठी संस्थेनं महागडं काळं कापड दिलं होतं. हाके मात्र वडिलांची घोंगडी अंगावर घेऊनच खड्ड्यात उतरत. जिच्यातून पाऊस शिरत नाही तिच्यातून ऊन काय शिरणार, असं या माणदेशी धनगराचं म्हणणं.

"घोंगडीनं घात केला म्हणावं, तर वरच्या दोन नळ्या चोख आहेत," पानसे म्हणाल्या. "दहा हजार वर्षं. बिघडली ती नेमकी तळाची. जिच्यावर सगळं अडलंय."

अडलं होतं खरं. चार हजार वर्षांपूर्वी ते सरोवर आटलं, तेव्हा काठची माणसं निघून गेली की राहिली, एवढंच पुनर्वसन मंडळाला जाणून घ्यायचं होतं. गेली असतील, तर आज त्याच काठावर राहणाऱ्या मेंढपाळांची ढाणी, म्हणजे वस्ती, उठवायला मंडळ मोकळं; पाणी संपलं की माणसानं निघावं हा निसर्गनियमच ठरणार. राहिल्याचा पुरावा मिळाला तर ढाणी वाचणार होती. अहवाल संध्याकाळी जायचा होता.

"तुम्ही रोज त्या ढाणीवर चहाला जात होतात," पानसे म्हणाल्या. "अहवाल लांबावा म्हणून नळी उघडलीत का?"

प्रश्न तोंडातून गेला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण संशयाला औषध नसतं.

"मॅडम, उरलेले निम्मे कण वाचलेत?"

"बाद नळीचं काय वाचायचं?"

"वाचा तर खरं."

पानसेंनी नाखुशीनंच यंत्र एकेक कणावर लावलं. पडद्यावर गठ्ठे दिसू लागले. काही कण चार हजार वर्षांचे, काही तीन हजारांचे, काही हजारभर वर्षांचे. मधल्या जागा रिकाम्या. त्यांनी थर वाळवंटाचा जुना हवामानपट शेजारी लावून पाहिला. प्रत्येक गठ्ठा एकेका मोठ्या दुष्काळावर जाऊन बसला.

"आज शिरलेला उजेड कणाला शून्यावर आणील," त्या हळू म्हणाल्या, "चार हजारांवर नाही आणू शकत. म्हणजे दर दुष्काळात कुणीतरी तळाची वाळू उपसून उन्हात टाकली..."

"आणि पाणी घेऊन खड्डा पुन्हा बुजवला. झिरा आहे तो, मॅडम. आमच्या माणगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात असेच झिरे काढतात. तळाची वाळू उन्हात पसरलेली असते, तीच आधी आत पडते; वरची माती मात्र ढिगानं लोटतात. ढिगाच्या पोटात ऊन जात नाही, म्हणून वरच्या नळ्या जुन्याच राहिल्या."

"म्हणजे ते गेलेच नाहीत!" पानसेंना इतका आनंद झाला की त्या उठून उभ्याच राहिल्या. मग त्यांची नजर शून्यावरच्या गठ्ठ्याकडे गेली. "आणि हा? या उन्हाळ्यातला?"

ढाणीतल्या थोरल्या धापूबाईनं पहिल्याच दिवशी घुंघट ओढून हाक्यांना सांगितलं होतं, "पाणी कोनी, सा." पाणी नाही म्हणाली; तिच्या शेळ्या मात्र चांगल्या ठणठणीत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं," पानसे म्हणाल्या.

"खणताना वाळू मऊ लागली, तळाला ओल लागली. परका दिसला की आमच्याकडंसुद्धा झिरा बुजवतात. मंडळाला कळलं तर पंप बसेल आणि झिरा कायमचा आटेल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमचा तरी भरवसा काय होता, मॅडम?"

हे त्यांना लागलं. पण मघाशी आपण काय विचारलं ते त्यांना आठवलं.

"पुरावा दिला तर झिरा जातो," त्या म्हणाल्या, "आणि दाबला तर ढाणी जाते."

"जुने गठ्ठे द्या. शून्याच्या गठ्ठ्यापुढं लिहा, नमुना घेणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळं उजेड लागला."

"पुन्हा कुणी तुम्हाला खड्ड्यावर पाठवणार नाही, हाके."

"माहीत आहे."

"आणि चौकशीत घोंगडी मागतील. तिला एक भोक नाही."

हाक्यांनी कोपऱ्यातली घोंगडी मांडीवर घेतली, जरा वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि मग नखानं वीण उसवायला सुरुवात केली. वडिलांनी माग ठोकून विणलेली ती. भोक पडायला बराच वेळ लागला.